घेतलेलें साधन परत केव्हां करावें?

गुलमंडी म्हणजे छत्रपति संभाजीनगरच्या जुन्या शहरांतील गजबजलेला बाजार. तेथील एखाद्या कापडाच्या पेढीची कल्पना करावी. लग्नसराई चालूं आहे, गादीवर साड्यांचा ढीग पडला आहे आणि चार ठिकाणीं संगणकावर बिलें होत आहेत. ऐन गर्दींत चारी संगणक एकाएकीं थबकतात. यंत्राची स्मृति पाहावी, तर अर्धीअधिक मोकळी! मग अडलें कोठें? संगणकाच्या व्यवहारांत हा प्रसंग नवा नाहीं. त्याचें मूळ पुष्कळदां इतकेंच असतें कीं, घेतलेलें साधन कोणी परत केलेलें नसतें.

माहिती आणि त्या माहितीवर करावयाच्या क्रिया एकत्र बांधून त्यांचें एक 'ऑब्जेक्ट' करावें, ही रीत नॉर्वेंतील डाल व निगार्ड यांनीं १९६७ सालच्या सिम्युला भाषेंत आणली. पेढीचें बिल हें एक ऑब्जेक्ट. हिशेबाच्या डेटाबेसशीं जुळलेली जोडणी हें दुसरें. बिल केवळ थोडी स्मृति अडवितें. जोडणी मात्र यंत्राबाहेरचें कांहीं धरून ठेवते, आणि अशा जोडण्या मोजक्याच असतात. पोस्टग्रेस हा प्रसिद्ध डेटाबेस, निराळी सूचना नसल्यास, एका वेळीं साधारणतः १०० जोडण्या देतो. एकशें एकावा आला कीं त्यास दार बंद.

निरुपयोगी स्मृति आपोआप गोळा करण्याची युक्ति जॉन मॅकार्थी यांनीं १९५९ च्या सुमारास लिस्प भाषेसाठीं काढली. तिला 'गार्बेज कलेक्शन', म्हणजे केर काढणें, असें नांव आहे. १९९५ सालीं आलेल्या जावा भाषेनें ती सर्वत्र नेली आणि प्रोग्राम लिहिणारा निश्चिंत झाला; किंबहुना फाजील निश्चिंत झाला. दुकानांतला झाडूवाला केर सांचला म्हणजे येतो. रद्दी कागदांत गोदामाची किल्ली गुंडाळलेली आहे आणि ती हवी म्हणून बाहेर गिऱ्हाईक खोळंबलें आहे, हें त्यास कोणी सांगितलेलें नसतें. जोडणीचें ऑब्जेक्ट आकारानें लहान. अशीं शंभर पडून राहिलीं तरी स्मृति भरत नाहीं, म्हणून झाडू फिरत नाहीं, आणि जोडण्या मात्र संपलेल्या असतात. केर काढण्यापूर्वीं करावयाच्या निरवानिरवीसाठीं जावांत 'फायनलाइझ' ही सोय होती. परंतु ती केव्हां चालेल, किंबहुना चालेल कीं नाहीं, याचा भरंवसा नव्हता. २०१७ सालच्या नवव्या आवृत्तींत ती त्याज्य ठरली.

स्ट्राउस्ट्रुप यांच्या सी-प्लस-प्लस भाषेची तऱ्हा निराळी. तींत प्रोग्रामच्या एखाद्या खंडांत निर्माण झालेलें ऑब्जेक्ट तो खंड संपतांच संपतें, आणि त्याच क्षणीं त्याचा 'डिस्ट्रक्टर' चालून हातचें साधन परत जातें. ही भाषा कठीण म्हणून अनेकजण तिला नाकें मुरडतात; या एका बाबतींत मात्र तिची शिस्त सरस आहे.

कारण खरी अडचण नीट चाललेल्या कामांत नसून मोडलेल्या कामांत आहे. जोडणी उघडली, किंमत पाहिली, जोडणी मिटली, असें तीन ओळींत लिहिलें. परंतु त्या साडीची किंमत नोंदलेलीच नव्हती! दुसऱ्या ओळींत चूक उद्भवली, प्रोग्राम तेथूनच बाहेर पडला आणि तिसरी ओळ चाललीच नाहीं. विक्रेता किंमत हातानें घालतो, बिल होतें, गिऱ्हाईक संतुष्ट होऊन जातें. मागें एक जोडणी अडकून राहते. दिवसभरांत असें शंभर वेळां झालें कीं पेढी ठप्प. यासाठीं पायथॉनमध्यें २००६ सालीं 'विथ' ही रचना आली, आणि जावाच्या सातव्या आवृत्तींत २०११ सालीं तशीच सोय झाली. साधन रचनेच्या आरंभींच घ्यावयाचें. पुढें काम सुरळीत होवो अथवा मोडो, तींतून बाहेर पडतांना तें मिटलें जातें. साधनें अनेक असल्यास शेवटीं उघडलेलें प्रथम मिटतें. कपाट उघडून वही काढली, तर आधीं वही मिटावी, मग कपाट.

यंत्र बंद करून पुन्हां सुरू केल्यानें सगळें ठीक होतें, हा अनुभव अनेकांस आहे. त्या वेळीं अडकलेल्या जोडण्या सुटतात खऱ्या. पण दोष जेथल्या तेथें राहतो आणि पुढच्या गर्दीच्या दिवशीं पुन्हां डोकें वर काढतो. त्यापेक्षां चालूं जोडण्यांची यादी डेटाबेसकडूनच मागवावी. सकाळीं ती किती होती आणि गिऱ्हाइकें गेल्यावर रात्रीं किती उरली, हे दोन आंकडे शेजारीं ठेवावे. रात्रींचा आंकडा रोजच फुगलेला दिसला, तर प्रोग्राममधील 'उघड' म्हणणारी प्रत्येक ओळ शोधून तिची 'मीट' कोठें आहे तें पाहावयास बसावें.