हिवाळ्यातले सरपण

मार्गशीर्ष-पौषात नगर जिल्ह्यात रात्री गारठा पडतो. (२०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. पण जिभेवर अजून नगरच येते.) पहाटे उठल्याबरोबर चूल पेटते. सरपणाचा ढीग भराभर उतरू लागतो. ते सरपण बहुधा घरची बाईच रानातून डोक्यावर आणते. घरी गॅस असला तरी तीच गत. टाकीत गॅस १४.२ किलोच असतो. थंडीत ती लवकर रिकामी होते.

मंडळी, एवढे जळण जाते कुठे? भाकरीला जास्तीचे किती लागणार? ते जाते आंघोळीच्या पाण्याला.

थोडा हिशेब करू. समजा, पहाटे हंड्यातले पाणी १५ अंश आहे. आंघोळीला ४० अंश पुरते. म्हणजे पाणी २५ अंशांनी तापवायचे. आता तेच पाणी आधीच २५ अंश असले तर? मग १५ अंशच तापवायचे राहिले. जिथे पाच लाकडे लागत होती, तिथे तीन पुरतील.

पण पहाटे पाणी कोमट राहील कसे? त्याला ऊन आहे की! आपल्याकडे हिवाळ्यात आभाळ मोकळे असते. त्यामुळे रात्री जमिनीची ऊब वर निघून जाते आणि थंडी पडते. पण त्याच मोकळ्या आभाळामुळे दुपारी ऊनही चांगले लागते. या दिवसांत सूर्य दक्षिणेला कललेला असतो. म्हणून घराच्या दक्षिण बाजूला, भिंतीशी हंडा भरून ठेवावा. वर झाकण घालावे. हंडा बाहेरून काळा असलेला बरा. काळा रंग ऊन जास्त ओढून घेतो. सासूबाईंना लखलखीत भांडी आवडतात हे खरे. पण हा एक हंडा बाहेरून घासू नये. चारच्या सुमारास, ऊन उतरायच्या आत, हंडा घरात आणावा आणि जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवावा. लहान मुलांना तर दुपारीच न्हाऊ घालावे.

गोधडी स्वतः ऊब देत नाही. आतली ऊब ती बाहेर जाऊ देत नाही, इतकेच. आत माणूस असला तर माणसाची ऊब राहते, हंडा असला तर हंड्याची. भाताचेही तसेच. भाताला चांगली उकळी आली की पातेले उतरवावे. बुडाला ठिणगी नाही ना, ते पाहावे. मग झाकणासकट गुंडाळून ठेवावे. तासाभरात भात आपोआप शिजतो. मटकी, हुलगे आदल्या रात्री भिजत घातले तर तेही लवकर शिजतात.

एकदा उकळी फुटली की जाळ कमी करावा. मग कितीही लाकडे सारली तरी पाणी अधिक तापत नाही, नुसती वाफ होते. गार पाणी उकळायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यात जाते. ओले लाकूड धुमसते ते यामुळेच. त्याची बरीच ताकद स्वतःतले पाणी आटवण्यात जाते, आणि धूर बाईच्या डोळ्यांत. तेव्हा सरपण दिवाळीनंतर फोडून उन्हात वाळवावे.

आपल्याच नगर तालुक्यातल्या हिवरे बाजार गावाने कुऱ्हाडबंदी केली. तिथे उभे झाड तोडत नाहीत. जळण कमी लागले तरच असा नियम पाळता येतो. गोबर गॅस असेल त्यांनी एक करावे. थंडीत शेण नीट कुजत नाही, गॅस कमी येतो. म्हणून शेण कालवायला उन्हात तापलेले पाणी घ्यावे.

आणखी एक. जळण वाचवायला म्हणून कोणी पेटती शेगडी घरात घेतात, दारे-खिडक्या लावतात आणि झोपतात. हे कदापि करू नये. कोळशातून विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. शेगडीजवळ बसल्यावर डोके दुखू लागले, गरगरले, मळमळले तर लगेच दार उघडावे आणि सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणावे. कोणी शुद्धीवर नसेल तर १०८ नंबरला फोन लावून गाडी बोलवावी.