गोठ्यातला जंतू, कासवातला जंतू

वळूच्या शिश्नावरच्या कातडीच्या घडीत स्वल्पविरामासारखा वाकडा एक जिवाणू वर्षानुवर्षे बिनबोभाट राहतो. वळूला त्याचा काडीचा त्रास नाही; गाय मात्र भरवली तरी पुन्हा पुन्हा उलटते. हा कॅम्पिलोबॅक्टर फीटस या जातीचा एक उपप्रकार. त्याचा सख्खा भाऊ चाऱ्यातून पोटात जातो आणि मेंढ्या गाभडतात.

२०१४ साली या घराण्यातल्या तिसऱ्या भावाची रीतसर नोंद झाली. तो सापडला कासवांसारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांत आणि काही आजारी माणसांत. नाव टेस्टुडिनम, म्हणजे ‘कासवांचा’. दोन वर्षांनी संशोधकांनी तिघांचे जनुकसंच शेजारी ठेवून वाचले. जनुकांची मांडणी बरीचशी सारखी, पण अक्षरं पुष्कळ बदललेली. गाई-मेंढ्यांतले दोघे एकमेकांच्या इतके जवळ, की फरक शोधावा लागतो. कासववाला केव्हाच वेगळा निघालेला. ट्रायकार्बालिलेट नावाचं आम्ल पचवणारी जनुकं फक्त त्याच्याकडे.

जिवाणू एरवी जनुकांची उसनवारी सर्रास करतात. गाई-मेंढ्यांतली आणि कासवांतली, या दोन शाखांत मात्र ती क्वचितच दिसली. साहजिकच आहे म्हणा, गाय आणि कासव एका ताटात जेवतात कुठे?