नफा व्यापाऱ्याचा, पाठ हमालाची

इतवारीत दुकान व्यापाऱ्याचे, नफाही त्याचाच. पोते वाहणारी पाठ मात्र हमालाची. मग सरकार कुठे? १९६९ च्या माथाडी कायद्यात! मालकाने मजुरी व लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने हमालाला मजुरी, भविष्य निर्वाह निधी द्यायचा. बाजार खाजगी, संरक्षण कायद्याचे. पण नोंदच नसलेल्या हमालाला हा कायदा काय कामाचा?

नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली टाटांनी उभारली, १९८६ मध्ये ती शासनाकडे आली, २००२ मध्ये बंद पडली. नफा खाजगी, तोटा सार्वजनिक! ही कसली मिश्र अर्थव्यवस्था? मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि ही तरतूद घटनेतच असावी, असे बाबासाहेबांनी १९४७ मध्ये मांडले. कारण बहुमत बदलले की साधा कायदाही बदलतो. हमाल बांधवांनो, आधी नोंदणी करा, संघटित व्हा!