जुन्या गाडीत पाणी कुठून शिरते?

मंडळी, आपल्या पानशेतचा पाऊस तुम्हाला मी काय सांगावा? एकदा लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही. घर गळले तर आपण लगेच वर चढतो, कौले चाळतो. पण गाडी गळली तर काय करतो? सीटखाली चिंधी टाकतो आणि म्हणतो, "जुनी गाडी आहे, चालायचंच."

असे म्हणू नये. का म्हणू नये, ते सांगतो.

आमच्या ओळखीच्या एका भाऊंची जुनी जीप आहे. पावसात पायाखाली पाणी साचायचे. भाऊंना वाटले, पाणी खालूनच येते. त्यांनी तळाची सारी भोके बुजवून टाकली. झाले उलटेच! पाणी आणखी साचू लागले. एका रात्री बाळंतीण घेऊन ते पुण्याकडे निघाले. धरणाच्या कडेचा रस्ता, वर धो धो पाऊस. मध्येच दिवे गेले, वायपर थांबला. पुढचे काही दिसेना. दैव चांगले म्हणून मागून टेम्पो आला. बाई वेळेवर दवाखान्यात पोचली. आई आणि मूल दोघे सुखरूप आहेत.

सकाळी मिस्त्रीने पाहिले. पाणी खालून येतच नव्हते. पुढच्या काचेच्या रबराला कोपऱ्यात चीर होती. तिथून पाणी आत उतरायचे, फ्यूजच्या पेटीवर ठिबकायचे आणि मग पायाशी जमायचे.

यात एक मोठा धडा आहे. पाणी दिसते एका जागी, त्याचे मूळ असते दुसऱ्या जागी. आपले पानशेतचे धरण 12 जुलै 1961 रोजी फुटले, ते जुन्या माणसांकडून तुम्ही ऐकले असेल. त्या वेळी धरणाचे काम पुरते झाले नव्हते. पाणी शेवटी वरून वाहिले, पण दोष तळाशी होता. पाणी सोडण्याची जी वाट धरणाच्या पोटातून काढली होती, ती कच्ची राहिली होती. तिच्यावरची माती खचत गेली. जवानांनी वाळूची पोती रचली, पण खचणे थांबले नाही. म्हणून आधी मूळ शोधावे, मग उपाय करावा.

मूळ कसे शोधावे?

याला दोन माणसे पुरेत. आधी मॅट काढा. आतला भाग फडक्याने कोरडा करा. एक जण बॅटरी घेऊन आत बसेल. दुसरा बाहेरून तांब्याने हळूहळू पाणी ओतील. सुरुवात खालून करा आणि मग वर वर जा. एकदम वरून ओतले तर पाणी सगळीकडे ओघळते, आणि वाट कोणती ते कळत नाही. आत खडूची पूड शिंपडा. पाणी आले की पुडीवर ओघळ उठतो. त्या ओघळाच्या मागे मागे जा. चीर सापडली की खुणेचा खडू ओढा.

कुठे कुठे पाहावे?

पहिली जागा पुढची काच. जुन्या गाडीत काच रबरात बसवलेली असते. उन्हाने रबर कडक होते, चिरते. जीपची काच चौकटीसह पुढे दुमडते, म्हणून चौकटीखालचे रबरही पाहा. रबर थोडे खराब असेल तर ते साफ करून, कोरडे करून, त्याच्या ओठाखाली न वाळणारे मऊ लांबण भरावे. ते दुकानात मिळते. रबर फारच गेले असेल तर नवीनच बसवावे. आंबट वासाचे सिलिकॉन उघड्या पत्र्याला लावू नका. त्याने पत्रा गंजतो.

दुसरी जागा काचेखालची खाच. तिथे झाडाचा पाला साठतो. पाणी जायची वाट बंद होते आणि ते हवेच्या झडपेतून आत येते. पाला काढा, काम झाले. याला पैसा लागत नाही.

तिसरी जागा दरवाजा. काचेच्या दारात पाणी शिरतेच. ते खालच्या बारीक भोकांतून बाहेर पडावे अशी सोय असते. भोके चिखलाने बुजली तर पाणी आत येते, दारही कुजते. काडीने भोके मोकळी करा. दाराच्या रबराची परीक्षा सोपी आहे. कागदाची पट्टी मध्ये धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज सुटली तर तिथे रबर धरत नाही. रबर बदला, किंवा दार खाली उतरले असेल तर बिजागरी नीट करून घ्या.

चौथी जागा तळ. जिथून वायरी आत येतात, तिथली रबरे पाहा. पत्रा टोचून पाहा. टोच आरपार गेली तर नुसता डांबर फासू नका. वरून झाकले तरी आत गंज चालूच राहतो. कुजलेला पत्रा कापून नवा तुकडा वेल्डिंग करून घ्या. वर लाल ऑक्साईड आणि रंग द्या. हे काम मिस्त्रीचे. आधी बॅटरीची तार सोडायची आणि पेट्रोल-डिझेलची टाकी व नळ्या आगीपासून दूर ठेवायच्या.

कापडी टप असेल तर शिवण पाहा. कोरड्या शिवणीवर मेण घासले की थेंब थांबतो.

आणखी एक. ओल चिकट लागली, तिला गोडसर वास आला, तर ते पावसाचे पाणी नव्हे. ते इंजिन थंड ठेवणारे पाणी असू शकते. ते चाखू नका, ते विषारी असते. गाडी मिस्त्रीकडे न्या.

दुरुस्तीनंतर मॅट लगेच टाकू नका. दोन उन्हे दाखवा. ओल्या मॅटखाली पत्रा दिसत नाही, पण कुजत असतो.

हे सारे मृग लागायच्या आधी करावे. घर आपण शाकारतो, तशी गाडीही शाकारावी. गाडीत आपलीच माणसे बसतात.

सांगा पाहू :
1. भाऊंनी तळाची भोके बुजवली, तरी पाणी का साचले?
2. पाणी खालून वर का ओतावे?
3. तुमच्या गावातील गाडीची कागदाने परीक्षा कोण करील?