हेडबोल्ट : जुने की नवे?

नांदे (ता. मुळशी) येथील एका वाचकाचा प्रश्न आहे : ताम्हिणी घाटात गाडी गरम झाली, हेड गॅस्केट गेली. मेस्त्री म्हणतात, जुनेच हेडबोल्ट चालतील. शोरूमवाले म्हणतात, नवेच टाका. खरे कोणाचे?

बोल्ट कोणत्या जातीचा, त्यावर ते ठरते. बोल्ट कसला की तो ताणला जातो, पोलादी असला तरी. १०.९ श्रेणीचा, १० सेंटिमीटर लांबीचा बोल्ट साधारण ०.४५ मिलिमीटर ताणला, तरी ढिला करताच मूळ लांबीवर येतो. त्यापुढे खेचला, तर बॉलपेनातली फार ओढलेली स्प्रिंग जशी लांबच राहते, तशी त्याची गत.

    

आता गंमत पाहा. आजच्या अनेक इंजिनांत बोल्ट मुद्दाम ताणाच्या या मर्यादेपलीकडे नेतात. टॉर्क रेंचने लावलेल्या जोरातला सुमारे ९० टक्के भाग घर्षणातच जातो. एखाद्या बोल्टाच्या आट्यांना तेल जास्त लागले, तरी पकड बदलते. म्हणून आधी थोडा टॉर्क, मग ठरावीक अंशांचा फेरा, समजा ९० आणि पुन्हा ९०. मर्यादा ओलांडल्यावर बोल्ट थोडा कमी-जास्त ताणला तरी बल फारसे बदलत नाही, त्यामुळे सगळ्यांची पकड जवळपास सारखी बसते. मात्र बोल्ट कायमचा लांबतो. तोच पुन्हा तसाच फिरवला तर आणखी लांबेल, मध्येच बारीक होईल, एखादे वेळी तुटेलही.

मेस्त्रींचा अनुभवही खोटा नाही. पद्मिनी-अ‍ॅम्बॅसडरच्या जमान्यात मर्यादेच्या आतच कसत, आणि तेच बोल्ट पुन्हा वापरत. अंशांत कसायचा प्रत्येक बोल्ट मर्यादा ओलांडतोच, असेही नाही. काही कंपन्या लांबीची किंवा व्यासाची मर्यादा देऊन पुनर्वापराला परवानगी देतात.

तेव्हा आधी गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल पाहा. त्यात ‘नवेच’ लिहिले असेल तर वाद नको. मर्यादा दिली असेल तर व्हर्नियरने प्रत्येक बोल्ट मोजून घ्या. आणि बोल्ट जुने असोत वा नवे, ब्लॉकमधल्या भोकांत तेल-पाणी साचू देऊ नका. बोल्ट कसताना त्या तेल-पाण्याच्या दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो.