आडनावाच्या नादी लागू नका

मांद्र्यातल्या ख्रिस्ती घराची वंशावळ चर्चच्या वह्यांतून काढायला बसलं, की आधी इतिहासच आडवा येतो. मांद्रे ज्यात येतं तो गोव्याचा पेडणे महाल पोर्तुगिजांकडे कायमचा गेला १७८८ साली. शापोरा नदीपलीकडचं बार्देस त्यांनी १५४३ मध्येच घेतलं होतं. त्यामुळे घराणं बार्देसातून आलेलं असलं, तर मांद्र्याचा माग मध्येच तुटतो आणि शापोरा ओलांडून शिवोलीच्या बाजूला जावं लागतं. गोव्यातल्या पुष्कळ चर्चांच्या जुन्या वह्या आता पणजीच्या पुराभिलेख खात्यात आहेत. १९१४ पासून नागरी नोंदणी आली. तिथून पुढचं पेडण्याच्या निबंधकाकडे शोधायचं.

वही उघडली की धडकीच भरते. शाई लोहाची, जिथे टाक जोरात दाबला तिथे तिनं कागद खाल्लेला, अक्षराच्या जागी नुसतं भोक. पाद्री बदलला की वळणही बदलतं. पण बाप्तिस्म्याच्या नोंदीचा साचा ठरलेला असतो: अक्षरी तारीख, चर्चचं नाव, मुलाचं नाव, औरस असल्याचा उल्लेख, बाप, आई, गाव किंवा वाडा, मग पाद्रीन-माद्रीन, म्हणजे धर्मपिता-धर्ममाता, आणि खाली सही. तो साचा एकदा डोळ्यांत बसला की पोर्तुगीज न येणाऱ्यालाही ओळी लागू लागतात. घात करतात ते संक्षेप. महिन्याच्या जागी ‘७ब्रो’ दिसलं की नवखा जुलै लिहून मोकळा होतो. तो असतो सप्टेंबर, कारण जुन्या रोमन मोजणीत तो सातवा. तसाच ‘१०ब्रो’ म्हणजे डिसेंबर.

त्याहून मोठी फसगत आडनावाची. धर्मांतराच्या बाप्तिस्म्यावेळी पाद्रीनचं किंवा पाद्रीचं आडनाव मिळायचं, म्हणून एका वाड्यावरचे सगळे डिसोझा किंवा फर्नांडिस एकमेकांचे सोयरेही नसतील. वाडा आणि पाद्रीन-माद्रीन मात्र सहसा दगा देत नाहीत. थोरल्याला आजोबाचं नाव ठेवायची चाल होती, तीही कामाला येते. मी तर पाद्रीन-माद्रीनच्या नावांचा वेगळा कागदच करते. कुठल्या घराचं कुठल्या घराशी जाणं-येणं होतं, ते त्यावरून उमगतं.

या वह्यांचं मला सगळ्यांत मोल वाटतं ते बायकांसाठी. आईचं नाव बाप्तिस्म्याच्या नोंदीत सहसा असतंच. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींत पुष्कळदा दोन्हीकडचे आजी-आजोबाही सापडतात. शेजारच्या हिंदू घराला ही सोय नाही. त्यांना देवळाच्या महाजनांची यादी आणि जमिनीचे कागद धुंडाळावे लागतात. महाजनी १८८६ च्या कायद्याने बांधली गेली, पण त्या यादीत बापामागून मुलगा, मुलामागून नातू. सासरी आलेली किंवा माहेरी जन्मलेली बाई त्यात शोधून सापडत नाही.

हल्ली पोर्तुगीज पासपोर्टसाठी उतारे काढणाऱ्यांची गर्दी असते. त्यांना बहुधा एकच नोंद हवी असते; पुढचं पान उलटायला कुणी थांबत नाही. तुम्ही वंशावळीसाठी जाणार असाल, तर पणजीची बस धरण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाडा कुठला, माहेर कुठलं, पाद्रीन कोण, एवढं विचारून लिहून घ्या. आडनाव सगळ्यांत शेवटी विचारा.