दह्यानं, लसणानं अंगावरचं पांढरं जाणं थांबतं का?

मागच्या वेळी आपण मधुमेहाबद्दल बोललो. आज चिठ्ठ्यांमधून आलेला एक प्रश्न घेऊ. चिठ्ठीत लिहिलंय, "खाज येते, पांढरं जातं. घरच्या म्हणतात दही लाव, नाहीतर लसणाची पाकळी ठेव. करू का?" नाव लिहिलेलं नाही, आणि त्याची गरजही नाही. हा प्रश्न भोकरदनपासून मंठ्यापर्यंत घराघरातला आहे.

आधी आजार समजून घेऊ. कॅन्डिडा नावाची बुरशी, म्हणजे एक प्रकारचं यीस्ट, आपल्या अंगावर एरवीही थोडी असतेच. योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू तिला आवरून धरतात. अँटिबायोटिक घेतलं, साखर वाढली, दिवस गेले, की हा तोल बिघडतो आणि बुरशी माजते. चारातल्या तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता दही. लोक म्हणतात, दही आंबट, आंबटानं बुरशी मरते. मग मला सांगा, लोणच्यावर बुरशी धरते की नाही? कॅन्डिडाला आंबटपणा चांगला चालतो. दुसरं, दह्यातही लॅक्टोबॅसिलस असतात हे खरं, पण जात वेगळी. विरजणातले जंतू योनीमार्गात सहसा टिकत नाहीत. १९९२ साली अमेरिकेत रोज दही खाणाऱ्या काही बायकांमध्ये हा त्रास कमी दिसला होता, पण त्या अभ्यासात बायका होत्या अवघ्या ३३, आणि त्यातल्या बऱ्याच मध्येच गळाल्या. २००४ साली ऑस्ट्रेलियात मोठा अभ्यास झाला. अँटिबायोटिक घेणाऱ्या बायकांना लॅक्टोबॅसिलस देऊनही बुरशीचा त्रास टळला नाही. तेव्हा दही जरूर खा. पण ते जेवण आहे, औषध नाही.

लसणाचं काय? लसूण ठेचला की त्यात ॲलिसिन तयार होतं, आणि काचेच्या बशीत ते बुरशीला मारतं. पण बशी वेगळी, अंग वेगळं. २०१४ साली मेलबर्नमध्ये बायकांना दोन आठवडे लसणाच्या गोळ्या दिल्या, तर बुरशीत म्हणावा असा फरक पडला नाही. आणि आत ठेवाल, तर अख्ख्या पाकळीत ॲलिसिन जवळजवळ नसतंच. ठेचून ठेवाल, तर नाजूक कातडी भाजते. हातावर ठेचा लागला तरी आग होते ना!

मग करायचं काय? क्लोट्रिमॅझोलच्या आत ठेवायच्या गोळ्या किंवा फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी, यानं साध्या त्रासात दहातल्या आठ-नऊ जणी बऱ्या होतात. गरोदर बाईनं मात्र फ्लुकोनॅझोल घ्यायचं नाही, तिला आत ठेवायच्या गोळ्याच देतात.

पण खरी अडचण पुढे आहे. प्रत्येक पांढरं जाणं बुरशीचं नसतं. दह्याच्या फुटक्या कवड्यांसारखं, खाज असलेलं, वास नसलेलं असेल तर बहुधा बुरशी. माशासारखा वास, हिरवट फेसाळ पाणी, ओटीपोटात दुखणं, ताप, असं असेल तर आजार दुसरा, औषध दुसरं, आणि कधी नवऱ्यालाही घ्यावं लागतं. दही लावत महिना गेला, तर तो आजार आत चढतो. वारंवार बुरशी होत असेल तर रक्तातली साखर तपासा. कित्येकींना मधुमेह असल्याचं असंच कळतं.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. १९८९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तिथे कमी काय होतं? दही-लसूण नव्हे. विचारणारं आणि तपासणारं माणूस कमी होतं.

म्हणून चिठ्ठी लिहिणाऱ्या ताईंना एवढंच सांगेन: हाच प्रश्न आशाताईंना विचारा. सरकारी रुग्णालयातल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये याची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. आणि सासूबाईंवर रागावू नका. त्यांच्या वेळी हातात दहीच होतं. तुमच्या हातात आता दवाखाना आहे.

पुढची चिठ्ठी घेऊ.